थोरल्या कोंडीचा कौल

गरीसाहेब आमच्याकडे राहायला येणार हे कळलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, "तो मासे खातो, की नुसते धरतो?" आबा, म्हणजे माझे वडील, हसले. ते गावच्या शाळेत मास्तर होते आणि आईच्या बोलण्याला हसायची त्यांना सवय होती. "अगं, मासे धरायला विलायतेहून इथवर येणारा माणूस खाल्ल्याशिवाय कसा राहील?" माळ्यावरचं मोठं पातेलं आईने खाली काढलं, चिंचेने घासलं आणि अंगणात उन्हाला पालथं घातलं. साहेब येऊन आठवडा व्हायच्या आत कळलं, की तिचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता.

तो स्कॉटलंडचा होता. त्याचं खरं नाव मी इथे देत नाही. त्याने आमचं काही मुद्दाम वाईट केलेलं नाही आणि त्याच्या माणसांना या प्रकरणाचा त्रास नको. गावाने त्याला गरीसाहेब म्हटलं, कारण त्याच्या टोपीला, खिशाला, कधी कधी बाहीलासुद्धा एखादी गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, अडकलेली असायची. आमचं गाव राजापूरच्या वर, सह्याद्रीच्या अंगाला, अर्जुनेला जाऊन मिळणाऱ्या एका लहान नदीच्या काठी. शिमगा सरला की ही नदी तुटते. वाहती धार बारीक होत जाते आणि मागे राहतात त्या कोंडी, म्हणजे कातळात खोल गेलेले डोह. अशा नद्यांतले मासे बघत, धरत आणि त्यांच्याविषयी लिहीत तो देशोदेशी फिरत होता. तालुक्याच्या कचेरीतून आबांना निरोप आला, की गावात इंग्रजी येणारं घर तुमचंच, तेव्हा पाहुण्याची सोय बघा. इंग्रजी खरं तर आबांना वाचण्यापुरतं यायचं. बोलायला मी होतो. मॅट्रिक होऊन वर्ष उलटलं होतं, नोकरीचा पत्ता नव्हता, आणि पडवीत बसून जुनी वर्तमानपत्रं मोठ्याने वाचणं हा माझा उद्योग होता. असा मी दुभाषा झालो.

साहेबाचं सामान दोन बैलगाड्यांतून आलं. कापडी म्यानात घातलेल्या, तुकड्या-तुकड्यांच्या काठ्या, पितळेचं रीळ, आणि एका पेटीत कप्प्याकप्प्यांत बसवलेल्या पिसांच्या खोट्या माश्या. ती पेटी बघायला अख्खी वाडी लोटली. गावचे मानकरी बाबू गावकर यांनी एक माशी चिमटीत धरून उजेडाकडे नेली आणि मला विचारलं,

"काय रे अनंता, ह्येंच्या मुलखात मासे पिसा खातात?"

"खातात म्हणे."

"मग कोंबड्या काय खातात?"

सगळे हसले. काय झालं म्हणून साहेबाने विचारलं, मी सांगितलं, आणि तोही हसला. मला तेव्हा फार मोठं झाल्यासारखं वाटलं. दोन माणसांच्या मधे उभं राहून एकाचं हसू दुसऱ्याकडे पोचवायचं, यात एक नशा आहे. दोघांनाही आपली गरज असते, आणि आपण काय पोचवलं नि काय मागे ठेवलं हे दोघांनाही कळत नाही. हे दुसरं मला थोडं पुढे उमगलं.

घराची रीत साहेबामुळे बदलली. सकाळी आम्ही पेज प्यायचो, तो चहाबरोबर तांदळाची भाकरी खायचा, वर लोणी. दुपारी कुळथाची पिठी किंवा फणसाची भाजी. संध्याकाळी नदीचे मासे. आई लहान मळवे आमसूल, ओलं खोबरं आणि ठेचलेलं तिरफळ घालून हळदीच्या पानावर शिजवायची. तो वास पडवीत आला की साहेब लिहिणं थांबवायचा. काटे काढण्यात त्याला एक जेवण पुरायचं नाही. नाकातून पाणी, कपाळावर घाम, आणि तरी दुसऱ्यांदा मागायचा. पण हे मासे त्याने धरलेले नसत. ते वाडीतल्या बायका पाठवायच्या. तो स्वतः दिवसभर खालच्या कोंडीवर उभा राही, रिळाचा चर्रर्र आवाज अंगणापर्यंत येई, आणि संध्याकाळी हात हलवत परत. मिळाले होते, सोडून दिले, म्हणे.

"सोडलान?" शेजारच्या घरातून काकू ओरडली. "धरलान नि सोडलान? मग गेला कशाला होता, गुदगुल्या कराया?"

आईला हसू आलं नाही. "तोंड फाडून सोडायचं," ती म्हणाली, "त्यापेक्षा खावं. खाल्लं तर त्या जिवाचं काही तरी झालं. हे काय?" हे मात्र मी साहेबाला सांगितलं नाही.

तोही आमच्याकडे बघून असाच चकित होई. एकदा वाडीने खालची एक कोंड मारली. कुंभ्याची साल ठेचून पाण्यात कालवली की मासे गुंगतात आणि वर येतात. मग बायका गुडघाभर पाण्यात उतरून येंडीने, म्हणजे हातातल्या झोळीसारख्या जाळ्याने, ते उचलतात. साहेब आधी संतापला. हे विष आहे, म्हणाला. मी सांगितलं, की एका वर्षी एकच कोंड मारतात, आणि उचलायचे राहिलेले मासे ताजं पाणी आलं की शुद्धीवर येतात. त्याचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी तो मुद्दाम परत गेला, काठावर बसून राहिला, आणि मासे पुन्हा पळायला लागलेले बघून आला. दुसरं त्याला नवल वाटलं ते बोलण्याचं. "आमच्याकडे माणूस नदीवर जातो तो एकटं राहायला," तो म्हणाला. "श्वासही हळू घेतो. तुमच्या बायका तर घरातली सगळी भांडणं नदीत आणतात, आणि टोपली भरतेच." आणि तिसरं, वाटे. धरलेले मासे केळीच्या पानांवर दर घरामागे एक असे सारखे वाटे करून मांडतात. मग एक जण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एका वाट्याला काठी लावून विचारतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस न बघता एका घराचं नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा वाटा, मग त्यात मोठी वाम आली काय की नुसती बारीक चिंगळं. मुंबईला असलेल्या माणसाच्या बंद घरालासुद्धा वाटा निघे, तो शेजाऱ्याने शिजवायचा. साहेबाने हे दोनदा बघितलं. "माझ्या गावात नदी एका जमीनदाराची आहे," तो म्हणाला, "मासेही त्याचे. मी आयुष्यभर त्याची परवानगी काढून उभा राहिलोय." त्याच्या तोंडून हे ऐकताना मला आमच्या गावाचा अभिमान वाटला. आता हे लिहिताना रत्नागिरीतल्या माझ्या घराच्या खिडकीतून पाण्याचा टँकर मागे घेताना दिसतोय आणि वाटतं, अभिमान वाटला होता तर त्याला जागायला हवं होतं.

आमच्या गावात एक कोंड अशी होती की तिथे कोणी गरी टाकत नसे, साल कालवत नसे, जाळं धूत नसे. ती थोरली कोंड. देवळाच्या मागे, दोन कातळांच्या मधे, काळंशार पाणी. तिच्यात खडशी होत्या, हातभर, दोन हातभर. जाड खवल्यांच्या, तांबूस झाक असलेल्या. ते देवाचे मासे. अमावास्येला गुरव नैवेद्याच्या भाताचे गोळे घेऊन काठावर जाई आणि तीन टाळ्या वाजवी, की सगळं पाणी पाठींनी भरून जाई. आम्ही पोरं भाकरी घेऊन जायचो आणि तशाच टाळ्या वाजवायचो. मासे हाताला तोंड लावीत. वर्षातून एकदा, वैशाखात पाणी अगदी आटलं, की गुरव देवाला कौल लावी. देवाने दिला तर त्या दिवशी सारा गाव मिळून थोडे मासे धरी आणि वाटे करी. नाही दिला तर नाही. त्यावर गावकरांचंही चालत नसे.

त्या वेळचे गुरव आम्हा सगळ्यांचे गुरवकाका. उंच, वाळके, कानाला थोडे कमी, पण ते मान्य न करणारे. पूजा झाली की आमच्या पडवीत येऊन सुपारी कातरत बसायचे. साहेब आल्यापासून मला बघितलं की म्हणायचे, "काय दुभाशे! दोन जिभा घेऊन फिरतोस, नि जेवतोस एकाच तोंडाने? आईस सांग, दुप्पट वाढ म्हणावं." त्यांची शेवंती नावाची मुलगी आईकडे ताक न्यायला यायची. माझ्या धाकट्या बहिणीला अक्षरं गिरवायला बसवलं की तीही शेजारी बसायची. घर गरीब होतं. देवळाच्या मानावर, म्हणजे नैवेद्याच्या तांदळावर आणि सुगीला घरोघरून येणाऱ्या भातावर, ते चालायचं.

साहेबाने मला सांगितलं होतं, की पाऊस सुरू होईपर्यंत तो या बाजूच्या नद्या बघेल, मला दुभाषा म्हणून बरोबर नेईल, आणि मग मुंबईला त्याचा एक मित्र जहाज कंपनीत वरच्या जागेवर आहे त्याच्याकडे माझ्यासाठी शब्द टाकेल. हे ऐकल्यापासून मी गावात नव्हतोच. पडवीत बसलो तरी मी बंदरावर असायचो. आणि एका संध्याकाळी तो काठ्या म्यानात घालताना दिसला. इथे लहान मासेच आहेत, म्हणाला. घाटावर मोठ्या नद्या आहेत, तिकडे जातो, तिकडची बोली जाणणारा कोणी तरी तिकडेच मिळेल. अगदी सहज म्हणाला. त्याच्या दृष्टीने त्यात काही नव्हतं. मी अंगणात गेलो, परत आलो, आणि त्याला थोरल्या कोंडीविषयी सांगितलं.

त्याचे हात थांबले. "हे मासे कोणाचे?"

"देवाचे."

"देवाला विचारता येतं?"

"येतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर आम्ही देवळात गेलो. साहेब बूट काढून पायरीखाली बकुळीच्या सावलीत उभा राहिला. आत येऊ का, हेही त्याने विचारलं नाही, इतका तो रीत पाळणारा. आत गुरवकाका आणि मी. काकांना हे आवडलं नव्हतं, पण ते म्हणाले, "इचारायला काय, देव काय खाता काय आपल्याला." त्यांनी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही बघत उभे राहिलो. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. डावी पडली. काकांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं घातलं. परका माणूस आहे, लांबून आलाय, बघ बाबा, असं ते देवाला समजावल्यासारखं म्हणाले. पुन्हा डावी.

"नाय म्हणता देव," काका म्हणाले. "सायबाला सांग, राग मानू नको म्हणावं. खालच्या कोंडी हायत, तिथे खुशाल बस."

मी मान हलवली आणि बाहेर आलो. साहेब टोपी छातीशी धरून उभा होता. मी त्याला म्हणालो, "देवाने परवानगी दिली आहे. पण उद्या पहाटे, आणि बघायला कोणी असता कामा नये."

त्यानंतर इतकी वर्षं मी हे वाक्य कोणापुढे म्हटलं नव्हतं. लिहूनही पहिल्यांदाच पाहतोय. सुचायला काही वेळ लागला नाही, जीभ अडखळली नाही. देवळाच्या दारातून पायरीपर्यंत येण्याएवढाच अवधी होता.

माझ्यामागून गुरवकाका बाहेर आले, त्यांना साहेबाने वाकून हात जोडले. काकांनीही जोडले. "नाय म्हटला तरी पाया पडता," ते मला म्हणाले. "बरा मनुक्ष हाय रे." साहेबाने पिशवीतून आपली मोठी ब्याटरी काढली, रुपेरी, मनगटाएवढी जाड, आणि ती काकांच्या हातात दिली. काका मागे सरले. "कौल तर दिलान नाय देवाने. मग ह्यो कशाला देता?" मी सांगितलं, त्यांच्याकडे रीत आहे, देवळात गेलं की दिव्यासाठी काही द्यायचं. "दिव्यासाठी? मग घेतंय," काका म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी गाभाऱ्यात ती पेटवून दाखवली आणि सारी वाडी बघायला गेली.

पहाटे आम्ही थोरल्या कोंडीवर गेलो. साहेबाच्या खोट्या माश्यांना एकही खडस हलली नाही. तो माझ्याकडे बघायला लागला. मग मी कमरेची भाकरी काढली, तिचा एक गोळा त्याला गरीला लावायला दिला, आणि तीन टाळ्या वाजवल्या.

त्या आल्या. नेहमीसारख्या आल्या, धक्काबुक्की करत. सगळ्यांत मोठी पुढे होती. तिला गरी ठाऊक नव्हती. त्या पाण्यात कोणालाच ठाऊक नव्हती. रीळ किंचाळलं. साहेब कातळावरून पाण्यात उतरला, छातीपर्यंत भिजला, दोर सोडत आणि ओढत राहिला, कोंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ऊन कातळावर आलं तरी ते चाललंच होतं. शेवटी ती आडवी होऊन त्याच्या हातात आली. तो गुडघ्यांवर बसला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी सांगायला हवं, कारण तो क्रूर माणूस नव्हता. त्याने गरी सोडवली. ओठ फाटला होता. तिला दोन्ही हातांनी तो पाण्यात धरून बसला, पुढे-मागे हलवत, मूल झोपवावं तसा, आणि मग तिने शेपूट हलवलं आणि ती खाली गेली. "देवाचं देवाला परत," तो म्हणाला. मी म्हणालो, "हो."

दुपारी ती वर आली, पोट वर करून. पाणी भरायला गेलेल्या बायकांनी बघितली. फाटलेला ओठही बघितला.

ऊन उतरायच्या आत देवळापुढे गावकी बसली. बाबू गावकर पारावर, बाकीचे खाली, आबा एका बाजूला. साहेबाला बसायला आमच्याकडची खुर्ची आणली होती. मासा मेला हे ऐकून त्याचा चेहरा उतरला होता. लोक त्याच्याबरोबर दुःख करायला जमलेत अशीच त्याची समजूत होती. गावकर मला म्हणाले, "इचार त्येला. थोरल्या कोंडीत गरी टाकायला कोणी सांगितलान?"

मी विचारलं. साहेब उठला, गुरवकाकांकडे वळला, हात जोडले आणि म्हणाला, की या वृद्ध पुजाऱ्याने देवाला विचारून मला परवानगी दिली, मी त्याचा ऋणी आहे, आणि झाल्या गोष्टीबद्दल मला फार वाईट वाटतं.

मी हे शब्दशः मराठीत सांगितलं. दुभाषा म्हणून त्या दिवशी मी एकच गोष्ट बरोबर केली ती ही.

मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे ब्याटरी फुकट नाय मिळाली."

गुरवकाका उभे राहिले. त्यांना आधी नीट ऐकू आलं नव्हतं. शेजारच्याने कानात सांगितलं. ते रागावले नाहीत, घाबरले नाहीत. उलट थोडे हसले, कारण साक्षीदार समोरच होता. "मी कधी दिली परवानगी? दोनदा लावला कौल, दोनदा डावा दिलान देवाने. अनंता, तू होतास ना आत? सांग ह्येंका."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. साहेब विचारत होता, काय म्हणताहेत? आबा माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी आत नव्हतो. मी पायरीवर होतो, साहेबाजवळ."

काकांचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि त्यांचे डोळे मात्र मला शोधत राहिले, आपल्यालाच ऐकू आलं नसेल असं वाटल्यासारखे. ते एक पाऊल पुढे आले. "काय म्हणालास?" मी पुन्हा तेच म्हणालो, मोठ्याने.

त्यांच्याकडून पूजेचा मान काढून चुलतभावाला दिला. त्या वर्षी वैशाखात थोरल्या कोंडीला कौल मिळाला तेव्हा मी गावात नव्हतो. आईने नंतर सांगितलं, की वाटे मांडताना एक पान कमी मांडलं. बंद घरांनासुद्धा वाटा निघाला, त्यांना नाही. ब्याटरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी पारावर आणून ठेवली होती. ती कोणी घेतली नाही, पावसात तिथेच गंजली, आणि त्यांना मात्र ब्याटरी हे नाव कायमचं चिकटलं. ते लोकांच्या बागांत मजुरी करायला लागले. आमच्या पडवीत पुन्हा कधी आले नाहीत.

गावकीच्या त्या संध्याकाळी आईने मला पान वाढलं, पण "अजून घे" म्हणाली नाही. आबांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. ते खोटं आहे. तिसऱ्या दिवशी मी साहेबाबरोबर गेलो.

त्याने शब्द पाळला. जहाज कंपनीत मला कारकुनाची जागा मिळाली, तिथेच चढत गेलो. लग्न, मुलं, रत्नागिरीत घर, सगळं त्या नोकरीवर. काही वर्षांनी साहेबाचं पुस्तक आलं. आमच्या नदीवर त्यात एक मोठं प्रकरण आहे. वाट्यांविषयी, आईच्या तिरफळाविषयी, बायकांच्या गप्पांविषयी त्याने इतकं प्रेमाने लिहिलंय की आमच्यापैकी कोणी लिहिलं नसतं. आणि त्यात एक ओळ आहे, की एका विजेरीच्या बदल्यात म्हाताऱ्या पुजाऱ्याने देवाचं मन वळवलं. ते पुस्तक मी ऑफिसात सगळ्यांना दाखवत असे. त्यात माझा फोटो आहे, काठी धरलेला.

यंदा देवळाचा जीर्णोद्धार झाला आणि गावातल्या तरुण मंडळींनी गावाची माहिती देणारी पुस्तिका काढायचं ठरवलं. बाबू गावकरांच्या नातवाने मजकूर माझ्या मोबाइलवर पाठवला. काका, तुमचं मराठी चांगलं, एकदा नजर फिरवा. त्यात होतं, 'पूर्वी एका गुरवाने ब्याटरीच्या लोभाने परदेशी माणसाला खोटा कौल दिला, तेव्हापासून ही पूजा दुसऱ्या घराकडे आहे.' सुनेला म्हटलं, मला गावी जायचंय. ती म्हणाली, या उन्हात? गुडघ्यांचं काय? मी म्हटलं, गुडघे बरोबर नेतो.

शेवंती अंगणात काजूबिया वाळत घालत होती. तीही आता सत्तरीच्या पुढे. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. मी कठड्यावर बसलो आणि सुरुवात केली, "त्या दिवशी देवळात..." तिने हात वर केला.

"मला नको सांगू. मला ठाऊक आहे. बाबा सांगायचे ना. मरेपर्यंत सांगायचे. तुझं नाव मात्र कधी घेतलं नाही त्यांनी. मास्तरांचं पोर घाबरलं असेल, एवढंच म्हणायचे." तिने बिया पसरून हात झटकले. "मला सांगून तुला हलकं वाटेल. मला काय? देवळात चल."

देवळात नव्या फरशीवर प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून समितीची पोरं बसली होती. मी उभं राहून सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तसंच, काही न गाळता, आणि हे लिहून काढतोय हेही सांगितलं. एकाने मधेच विचारलं, "म्हणजे ब्याटरीचं घर म्हणतात ते ह्यावरून? आम्हाला वाटायचं, गावात पहिली ब्याटरी त्यांनी आणली." कोणी हसलं नाही. माझं बोलणं संपल्यावर गावकरांचा नातू खुर्चीवरून उठला, मला बसायला दिली आणि म्हणाला, "जाऊ दे काका. खूप जुनी गोष्ट झाली. तेव्हा तुम्ही लहान होतात."

"लहान नव्हतो," मी म्हणालो.

"बरं. आम्ही ती ओळ काढून टाकतो. विषय संपला."

"काढायची नाय," शेवंती म्हणाली. ती खांबाला टेकून उभी होती. "काढलीत तर काय झालंच नव्हतं, असं होईल. झालं ते झालंय. बरोबर करा ती."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बरोबर करायची म्हणजे माझं नाव छापायचं, हे त्यांच्या लक्षात येत होतं आणि ते म्हणायला कोणी तयार नव्हतं. मीच म्हणालो, माझं नाव घाला, वडिलांच्या नावासकट, आणि आत्ता माझ्यासमोर लिहा. नातवाने मोबाइल काढला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर मी त्याच्याकडून वाचून घेतलं आणि एका जागी 'गैरसमजातून' असं त्याने आपल्या मनाने घातलं होतं, ते काढायला लावलं. साहेबाच्या पुस्तकातली ओळ मला खोडता येणार नाही. त्याच्या लेकीचा पत्ता मिळवून तिला मी इंग्रजीत कळवलं आहे. उत्तर येईल न येईल.

बाहेर पडताना शेवंती पायरीपर्यंत आली. "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. "पण घरी चहाला ये, असं मी म्हणणार नाय हो."

"नको म्हणूस," मी म्हणालो.

"आणि तुझं ते जे काय लिहितोयस म्हणतोस, त्यात गुरव, गुरव असं नको लिहू. ब्याटरी तर नकोच. नाव होतं त्यांना. त्या सायबाने लिहिलं नाही, ह्या पोरांना ठाऊक नाय. तुला तरी ठाऊक आहे काय?"

मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर मी त्यांना काका म्हणत आलो होतो. मी तिला विचारलं. तिने सांगितलं, सावकाश, आणि मी ते चुकू नये म्हणून तिच्यासमोर दोनदा म्हणून दाखवलं.

त्यांचं नाव सोमा धाकू गुरव. देवाने नाही म्हटलं होतं, आणि त्यांनी ते तसंच सांगितलं होतं. हो म्हणालो तो मी.